ऐंशीच्या पुढे नाही

मी बोलतेय ती एका ट्रकच्या डॅशबोर्डखालून, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळून. तिथे वायरींच्या जंजाळात एक काळी पेटी स्क्रूने बसवलेली आहे, जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी. ती मी. कागदोपत्री माझं नाव ‘वेगमर्यादा यंत्र’ असं भारदस्त आहे. येणारेजाणारे लिमिटर म्हणतात. आणि ड्रायव्हर मंडळी मला म्हणतात सासूबाई.

का म्हणतात ते वेगळं सांगायला नको. ड्रायव्हरने पाय दाबला की इंजिन म्हणतं, चला. मी म्हणते, बास. माझ्यात एक आकडा भरलेला असतो. गाडी त्या आकड्याला पोचली की मी इंजिनाचं डिझेल आखडून घेते. मग पाय पार तळाशी दाबा, नाहीतर पॅडलवर उभे राहून नाचा, गाडी पुढे सरकायची नाही. मागच्या गाड्या हॉर्न मारतात, कारवाले शेजारून जाताना हातवारे करतात, आणि शिव्या खातो बिचारा ड्रायव्हर. मी मात्र ढिम्म. सांगितलं तेवढंच करायचं, आणि सांगितलं की करायचंच, हा माझा स्वभाव. चांगला की वाईट, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. आमच्या वायरींचे सांधे जोडणाऱ्या बाईला कंबरदुखी होती. दर दहा पेट्यांनंतर ती उठायची, कंबर ताणायची आणि पुन्हा बसायची. त्या दिवशी आम्ही साडेतीनशे बहिणी जन्मलो, सगळ्या एका साच्यातल्या. तेव्हा आमच्यात आकडा नव्हता. आकडा अगदी शेवटी भरतात, कोण कुठल्या देशात जाणार ते ठरल्यावर. शेजारच्या खोक्यातल्या बहिणींना नव्वद भरला. त्यापलीकडच्यांना एकशे पाच. आमच्या खोक्याला ऐंशी. एक खोकं तर दोन महिन्यांनी जसंच्या तसं परत आलं, कारण त्या देशात आमचा कायदा होता होता बारगळला होता.

मला तेव्हाच नवल वाटलं होतं. टायरचं रबर सगळीकडे तेच, डांबर तेच, माणसाचं डोकंही सगळीकडे सारखंच नाजूक. मग एका देशात ऐंशीनंतर धोका आणि दुसऱ्या देशात एकशे पाचपर्यंत खुशाल जा, हे ठरवलं तरी कुणी? मरण काय सरहद्दीवर शिक्का मारून घेतं आणि आपला वेग बदलतं? पण पेटीने प्रश्न विचारायचे नसतात. मला ऐंशी मिळाला, मी तो घेतला.

ज्या ट्रकमध्ये मला बसवलं तो दोन भावांचा होता. थोरल्याला सगळे दादा म्हणायचे, अगदी वजनकाट्यावरचा साहेबसुद्धा. पन्नाशीचा माणूस, कमी बोलणारा. गाडी सुरू करण्याआधी चारही बाजूंनी फिरून प्रत्येक टायरला लाथ मारून बघायचा. धाकटा त्याच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, म्हणून दादा आणि वहिनींनीच त्याला वाढवलं. दादाने त्याला स्टिअरिंग धरायला शिकवलं, लग्न लावून दिलं, आणि स्वतःच्या शेजारची सीट दिली. धाकटा मनाने चांगला, पण विसराळू. वहिनी म्हणायच्या, भावोजींचं डोकं धडाला जोडलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही कुठेतरी ठेवून आले असते.

दोघं आळीपाळीने गाडी चालवायचे. एक चालवायचा तेव्हा दुसरा मागच्या बाकावर झोपायचा. माल बहुतेक फरशांचा, आणि जायचं सरहद्दीपलीकडे.

आता खरी गोम इथे आहे. अलीकडच्या देशात ट्रकला ऐंशीची मर्यादा, आणि गाडीत माझ्यासारखी पेटी हवीच. पलीकडच्या देशात ट्रकला शंभरची मुभा, आणि पेटीबद्दल कुणी विचारत नाही. तिथले व्यापारी माल उतरवायची वेळ देतात तीही शंभरच्या हिशोबाने. ऐंशीने गेलात तर फाटक बंद झालेलं, मग बसा दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणून सरहद्दीजवळ, वजनकाट्याच्या मागे, एका पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री बसायचा. त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण गाडीच्या पोटाला केबल लावून तो लॅपटॉपवर नाडी बघायचा. जाताना तो माझा आकडा शंभर करायचा, येताना ऐंशी. दोन मिनिटांचं काम. कायद्यात बसत नव्हतं, पण कायद्याला दिसतही नव्हतं. एका रस्त्यावर दोन आकडे लिहिले की माणूस मधली वाट काढतोच.

पण माझा आकडा बाहेरून कळत नाही. केबल लावली तरच दिसतो, किंवा गाडी तिथपर्यंत पळवली तर. म्हणून दादाने एक युक्ती काढली होती. वहिनींच्या दोरीवरचा कपड्यांचा एक पिवळा चिमटा त्याने समोरच्या काचेवरच्या सावलीच्या फळीला लावला होता. चिमटा फळीला असेल तर मी ऐंशीवर. चिमटा काढलेला असेल तर शंभरवर. आणि नियम कडक होता: आधी डॉक्टरचं काम, मग चिमट्याला हात.

धाकट्याने या नियमाला आपली शेपटी जोडली होती. तो आधीच चिमटा काढून स्वतःच्या कॉलरला लावायचा आणि मग डॉक्टरच्या रांगेत उभा राहायचा. म्हणे कॉलरला चिमटा असला की काम विसरत नाही. विसराळू माणसं आठवण राहावी म्हणून असले उद्योग करतात, आणि मग तो उद्योगच विसरतात. दादाला हे ठाऊक नव्हतं, कारण त्या वेळी तो नेहमी झोपलेला असायचा.

त्या दिवशी सकाळी धाकट्याने कॉलरला चिमटा लावला आणि शेडकडे गेला. शेड बंद. दारावर खडूने लिहिलेलं, ‘दाढ काढायला गेलो आहे, दुपारी येतो.’ तो परत फिरतो तोच सरहद्दीचं फाटक उघडलं, मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गिल्ला केला, आणि तो धावत येऊन सीटवर बसला. गाडी पलीकडे गेली ती ऐंशीवर. चिमटा त्याच्या कॉलरलाच.

धाकट्याला माहीत होतं. मला वाटतं, पहिले दोन तास तरी त्याला पक्कं माहीत होतं, कारण चार पदरी रस्त्यावर सगळे ट्रक त्याला मागे टाकून जात होते आणि तो माझ्या नावाने बोटं मोडत होता. म्हातारे, आजच्या दिवस सोड की, असं एकदा म्हणालाही. मी कशी सोडणार? चहाला थांबलो की दादाला सांगतो, असं तो पुटपुटला.

चहाच्या टपरीवर दादा उठला, तोंड धुतलं, टायरना लाथा मारून आला. तेवढ्यात धाकट्याला घरून फोन आला. त्याची लेक पहिल्यांदा चार पावलं चालली होती, आणि फोनवरून सगळं घर एकदम बोलत होतं. धाकटा हसत, बोलत, फोन कानाला लावूनच मागच्या बाकावर चढला. दादाने हातानेच विचारलं, सगळं ठीक? धाकट्याने मान हलवली. दादाने वर फळीकडे पाहिलं. चिमटा नव्हता. त्याने गाडी काढली.

पुढचा रस्ता दोनच पदरांचा होता. आधी एक गाव लागलं, मग दुधाचा एक टँकर पुढे आला, त्यामुळे गाडी एकदाही ऐंशीला पोचली नाही. पोचली असती तर दादाला तिथेच कळलं असतं. टँकर पंचाहत्तरने चालला होता. बऱ्याच वेळाने सरळ रस्ता आला. समोर लांबवर एक पांढरी कार दिसत होती. शंभरच्या हिशोबाने ते अंतर भरपूर होतं, आणि दादाचा अंदाज वीस वर्षांत चुकला नव्हता. त्याने इंडिकेटर दिला आणि गाडी बाहेर काढली.

शहात्तर. अठ्ठ्याहत्तर. ऐंशी. मी म्हटलं, बास.

दादाने पाय दाबला. आणखी दाबला. “ओढ गं,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत गाडीशी बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. पुढे थोडा उतार होता, टँकरही एकोणऐंशीला आला आणि दोन्ही गाड्या खांद्याला खांदा लावून धावू लागल्या. दादाने मागे पडायचं ठरवलं, तर टँकरच्या मागची जागा एका बसने भरून काढली होती. पांढरी कार जवळ आली. दादाने ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्याबाहेरच्या मातीत घातली. कारवाल्यानेही जीव वाचवायला तीच माती निवडली.

कारमध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालेली एक आई होती आणि तिला घरी नेणारा तिचा मुलगा. आई वाचली. मुलगा जागीच गेला. तिच्या डोळ्यांवर पट्टी होती, त्यामुळे ती बराच वेळ त्याला हाका मारत राहिली. तो आवाज मी ऐकलाय. मला कान दिले नसते तर बरं झालं असतं.

आठ सेकंद मी गप्प बसले असते तर तो मुलगा आज घरी असता. अलीकडच्या देशात माझ्या याच ऐंशीने कितीतरी लेकरं वाचली असतील, हेही खरं. पण वाचलेल्यांची नावं कुणाला कळत नाहीत. गेलेल्याचं नाव मात्र मला ठाऊक आहे, कारण ती त्याच नावाने हाका मारत होती.

दादाचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. धाकटा मागच्या बाकावरून खाली पडला, पण त्याला खरचटण्यापलीकडे काही नाही. तो दरवाजातून बाहेर उतरला, गळ्याशी काहीतरी टोचलं म्हणून त्याने हात लावला, आणि चिमटा हाताला लागला. त्या क्षणी त्याचा चेहरा मी पाहिला. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि चिमटा शेतात भिरकावून दिला. मग तो दादाकडे धावला.

दादा प्रत्येकाला एकच सांगत होता, गाडी ओढली नाही. रुग्णवाहिकेतल्या माणसाला सांगितलं, पोलिसाला सांगितलं. पोलिसाने लिहून घेतलं आणि जोडीदाराला म्हणाला, सगळे ड्रायव्हर हेच म्हणतात, पाय कुणाचाच चुकत नाही.

ट्रक पोलिसांच्या आवारात नेऊन उभा केला. पुढचा कोपरा चेपला होता, मी मात्र शाबूत होते. मला आशा होती. केबल लावली की माझ्यात ऐंशी सापडेल, मग कुणीतरी विचारेल की ओढायची का नाही, आणि दादा खोटं बोलत नव्हता हे जगाला कळेल. वेडा घाईने गाडी बाहेर काढतो. दादा वेडा नव्हता, त्याला चुकीचं सांगितलं गेलं होतं. एवढा फरक कोर्टात पुष्कळ असतो.

पाचव्या दिवशी धाकटा आला, सामान काढून न्यायचंय असं पहारेकऱ्याला सांगून. सोबत डॉक्टर होता. त्याचा गाल अजून सुजलेला. धाकट्याने बॅटरीची वायर जोडली, डॉक्टरने केबल लावली. लॅपटॉपवर ऐंशी उमटले. 

डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाला, “हा बदलला की तुझ्या भावाचं बोलणं खोटं पडेल. कळतंय ना तुला?”

“दादाला तसंही लवकर सोडतील,” धाकटा म्हणाला. “वकील म्हणालाय. पण हे कळलं तर वहिनी मला दारात उभं करणार नाही.”

डॉक्टरने लॅपटॉप जवळ ओढला. त्यालाही आपलं शेड होतं, आणि तिथे काय चालतं ते कुणी खणून काढावं अशी त्याचीही इच्छा नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने शंभर टाकले.

मी ते घेतले. घ्यायलाच लागतात. माझ्यात एका वेळी एकच आकडा राहतो. नवा आला की जुना पुसला जातो, पाटीवरच्या अक्षरासारखा. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची शिसारी आली. रस्त्यावर माणसाचा जीव जात असताना मी थेंबभर डिझेल जास्त दिलं नाही, आणि इथे एका बटणासरशी एका भल्या माणसाची बाजू बदलून टाकली.

दोन दिवसांनी तपासणीला एक बाई आल्या. कामाला चोख. ब्रेक पाहिले, टायर पाहिले, मला केबल लावली, आकडा दोनदा वाचला आणि लिहिलं: मर्यादा शंभर, वाहनात दोष नाही. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांनी मला विचारलं की तुझा आकडा किती, आणि मी जो होता तो सांगितला.

दादाला पाच वर्षांची शिक्षा झाली.

ट्रक सुटला त्या दिवशी वहिनी धाकट्याबरोबर आल्या होत्या. दुरुस्तीला न्यायच्या आधी त्या केबिनमध्ये चढल्या आणि दादाच्या सीटवर बसल्या. स्टिअरिंगवरची धूळ पदराने पुसली. 

मग म्हणाल्या, “भावोजी, एक विचारते. गाडीत खरंच काही नव्हतं?”

“तपासली ना त्यांनी, वहिनी. कागद आहे.”

“कागद मी वाचलाय. मी तुम्हाला विचारतेय.”

धाकटा काचेतून बाहेर बघत होता. मी आतून ओरडत होते, सांग रे, आता तरी सांग. पण माझी ओरड म्हणजे काय, वायरीतली गुणगुण.

“नव्हतं काही,” तो म्हणाला.

वहिनींनी मान हलवली. त्या सावकाश बोलल्या, जणू स्वतःलाच समजावत होत्या. दर भेटीला ते तेच सांगतात, गाडी ओढली नाही, मीही सगळ्यांशी तेच सांगून भांडले, शेजारणीशी बोलणं टाकलं. आता त्या आईच्या घरी जाऊन पाय धरायला हवेत, एवढं म्हणून त्या उतरल्या. त्या घरी त्या गेल्या की नाही, मला माहीत नाही.

आता ट्रक धाकटा एकटा चालवतो. त्याने मला कायमचं ऐंशीवर ठेवलंय, अलीकडेही आणि पलीकडेही. सरहद्दीवर डॉक्टर शेडमधून बघतो, धाकटा मान वळवून पुढे जातो. पलीकडे फाटकं बंद मिळतात, शंभरवाले शिव्या घालत जातात, तो कुणालाच ओव्हरटेक करत नाही. सायकलच्या मागे लागला तरी मागेच राहील. लोकांना वाटतं, भावाच्या अपघाताने शहाणा झाला. मी गुडघ्याजवळ असते, म्हणून मला माहीत आहे की समोरून पांढरी कार आली की तो पाय पॅडलवरून पार काढून घेतो.

तुरुंगातून दर बुधवारी फोन येतो, दहा मिनिटांचा. परवा आला तेव्हा आम्ही एका गोदामात माल उतरवत होतो. मागे फरशांची खोकी सरकत होती. धाकट्याने फोन स्पीकरवर लावून डॅशबोर्डवर ठेवला, अगदी माझ्या डोक्यावर.

दादाने सगळ्यांची चौकशी केली. पुतणी आता धावते का, तुझी वहिनी वेळेवर जेवते ना, मागच्या टायरांची झीज बघतोस ना. मग थोडा थांबून त्याने विचारलं, “गाडी ओढते ना रे नीट?”

 मागे एक खोकं खाली आपटलं, कुणीतरी कुणाला दटावलं.

“ओढते, दादा.”

“मग माझंच चुकलं,” दादा म्हणाला. “मी फार विचार केला. पाय दाबला असं मला वाटतं, पण दाबला नसेन. माणूस घाबरला की त्याला काहीही आठवतं. उगाच इतके दिवस गाडीवर ढकलत राहिलो. त्या माउलीला मी कळवलंय तसं, की चूक माझीच.” आणि मग, अगदी मायेने, “तू मनाला लावून घेऊ नकोस. तू तर झोपला होतास.”

दहा मिनिटं संपली आणि फोन बंद झाला. धाकटा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. हमालाने तीनदा हाक मारली तेव्हा उतरला.

माझे आता थोडेच दिवस राहिलेत. नवा कायदा येतोय म्हणतात, दोन्ही देशांना एकच आकडा. तेव्हा माझ्याजागी दुसरी पेटी येईल आणि मी भंगारात जाईन. जाऊ दे. आकडे बदलणाऱ्या साहेबांना मला काही सांगायचं नाही, त्यांना त्यांचं बघू दे.

मला सांगायचंय ते धाकट्याला. बाबा, मला आता कुणी कितीही केबल लावली तरी त्या दुपारचा ऐंशी माझ्यात सापडणार नाही. तो फक्त तुझ्याजवळ आहे. तुझ्या भावाची पाच वर्षं तू परत देऊ शकशील की नाही, ठाऊक नाही. पण तो माणूस तिथे बसून स्वतःच्या पायावरचा, स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावतोय, आणि तो विश्वास तुझ्या खिशात आहे. मला बोलता येत नाही. तुला येतं.

पुढच्या बुधवारी फोन येईल. दहा मिनिटं असतात. एवढंच सांग त्याला, की गाडी ओढली नव्हती.